पट्टी ओढली, पण गिअर कोणी बदलला?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीत पुढच्या सीटवर बसलेल्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. टॅक्सीवाला गिअर बदलायला हात मांडीशेजारी नेत नसे. स्टीअरिंगखालून बाहेर आलेला एक दांडा तो ओढून, वर-खाली करून गिअर टाकी. त्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे जोडलेले असत. हाताने दांडा हलवला की सळी हले, सळीने आतला भाग सरके आणि गिअर पडे. म्हणजे गिअर बदलणारा हात टॅक्सीवाल्याचाच.

आजच्या ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कारमध्येही गिअर पुन्हा स्टीअरिंगपाशी आले आहेत, पण दांडा गेला. स्टीअरिंगच्या चाकामागे दोन पट्ट्या असतात. त्यांना पॅडल म्हणतात, मात्र पायाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. उजवी बोटाने ओढली की गिअर चढतो, डावी ओढली की उतरतो. त्या पट्टीमागे ना सळी असते ना तार, असतो फक्त एक स्विच, दारावरच्या बेलच्या बटणासारखा. पट्ट्या चाकालाच लावलेल्या असतील, तर चाक सतत फिरत असल्याने साधी वायर गुंडाळून तुटली असती. म्हणून चाकाच्या मध्याशी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली चपटी वायर बसवतात. चाक फिरेल तशी ती सैल होते, आवळते. हॉर्न आणि एअरबॅगची वीजही तिच्यातूनच जाते. पट्टीचा संदेश तिथून निघतो आणि गिअरबॉक्सच्या संगणकाकडे पोहोचतो. पुढे काय करायचं, ते तो संगणक ठरवतो.

ही कल्पना मुळात आरामासाठी नव्हतीच. जॉन बर्नार्ड हे फेरारीचे इंग्रज अभियंते फॉर्म्युला वनसाठी नवी गाडी आखत होते. अशा गाडीत चालकाच्या पाठीशी इंधनाची टाकी, तिच्यामागे इंजिन आणि सगळ्यात मागे गिअरबॉक्स. पद्मिनीतली सळी इथे असती, तर तिला हे सगळं ओलांडून मागे जावं लागलं असतं. शिवाय दांडा आणि तो हलवणारा हात यांना जागा हवी, म्हणजे गाडी तेवढी रुंद. बर्नार्डना गाडीचा मधला भाग अरुंद हवा होता, कारण हवेचा विरोध कमी करायचा होता. सळी काढून वायर घातली की प्रश्न मिटत होता. वायर कुठूनही वळवून नेता येते.

२६ मार्च १९८९ ला रिओमधल्या झाकारेपाग्वाच्या ट्रॅकवर ती फेरारी ६४० पहिल्यांदा शर्यतीत उतरली. चालक होता नायजेल मॅन्सेल, फेरारीसाठी त्याचीही ती पहिलीच शर्यत. सरावात गाडी इतकी बंद पडत होती की त्याने घरी परतायचं लवकरचं विमान धरायचं ठरवलं होतं. शर्यतीत मध्येच स्टीअरिंगचं चाक ढिलं झालं आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, दुसरं बसवावं लागलं. पट्ट्या चाकालाच, त्यामुळे गिअर बदलायचं साधनही त्याच्यासोबत बदललं गेलं! एवढं होऊनही मॅन्सेल जिंकला. त्या मोसमात ही गाडी अनेकदा बंद पडली, पण शर्यत पूर्ण केली तेव्हा पहिल्या तिनांतच आली. तिच्या खात्यावर तीन विजय जमा झाले. बंद पडण्याचं खापर सगळ्यांनी नव्या गिअरबॉक्सवर फोडलं. खरा दोष बराचसा अल्टरनेटरच्या, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, बेल्टमध्ये होता. इंजिनाच्या थरथरीने तो निसटायचा, वीज थांबायची आणि विजेवर चालणारा गिअरबॉक्स मुका व्हायचा. सळीला वीज लागत नाही, वायरला लागते.

त्या गाडीचा गिअरबॉक्स आतून साधाच होता, दात असलेल्या चकत्यांचा. क्लच दाबणं आणि गिअर सरकवणं ही कामं फक्त तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेकडे दिली होती. हीच तऱ्हा फेरारीने १९९७ मध्ये एफ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत आणली. २००७ च्या ४३० स्कुडेरियात गिअर बदलायला ६० मिलिसेकंद लागत. पापणी लवायला किमान १०० तरी लागतात. वेग होता, पण सावकाश चालवताना अशा गाड्या प्रत्येक गिअरला मान डोलावत.

खरोखरीच्या ऑटोमॅटिकमध्ये गोष्ट वेगळी आहे. इथे कोणतीही चकती सरकत नाही. सगळे गिअर कायम एकमेकांत गुंतलेले असतात, मधल्या दात्याभोवती छोटे दाते, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे. कोणता भाग धरून ठेवायचा आणि कोणता मोकळा सोडायचा, यावर गिअर ठरतो. धरण्याचं काम क्लच आणि ब्रेक करतात, तेही तेलाच्या दाबाने. जर्मनीतल्या झेडएफ कंपनीचा ‘८एचपी’ हा गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूपासून जॅग्वारपर्यंत अनेकांनी वापरला. त्यात ग्रहमालिका चार आणि धरणारे भाग पाच. आठांपैकी कोणताही गिअर असो, पाचांतले तीन आवळलेले असतात, दोन सुटे. तिसऱ्यातून चौथ्यात जायचं, तर एकाने पकड सोडायची आणि त्याच क्षणी दुसऱ्याने धरायची. खो-खोतला खोच म्हणा. एक बसतो, दुसरा उठतो, पाठलाग थांबत नाही. चाकांना मिळणारी ताकद मध्येच तुटत नाही ती यामुळे.

पूर्वी शौकीन लोक या जातीच्या गिअरबॉक्सला ढिम्म म्हणत, कारण इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलात फिरणारे दोन पंखे असत आणि त्यांच्यात घसरण होई. आता गाडीने वेग घेतला की त्या पंख्यांना एक क्लच घट्ट बांधून टाकतो आणि घसरण संपते. बीएमडब्ल्यूने २०१७ च्या एम५ मध्ये वेगवान मानला जाणारा दोन क्लचचा गिअरबॉक्स सोडून हाच प्रकार घेतला, यात सगळं आलं.

आता पट्टीकडे परत. समजा, गाडी ताशी १०० किलोमीटरने तिसऱ्यात चालली आहे. टायरचा घेर दोन मीटर धरा. म्हणजे चाक मिनिटाला साधारण ८३३ वेळा फिरतं. गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यामधल्या दात्यांचं कायमचं गुणोत्तर ३.५ आणि तिसऱ्या गिअरचं १.५ धरलं, तर इंजिनाचे मिनिटाला फेरे होतात ४,३७५. डावी पट्टी एकदा ओढली. दुसऱ्याचं गुणोत्तर २.१, फेरे ६,१२५. इंजिन ७,००० पर्यंत झेपावतं, तेव्हा संगणक होकार देतो. पण गिअर टाकण्याआधी तो स्वतःच रेस देऊन इंजिन तेवढ्या फेऱ्यांवर आणतो, म्हणजे धक्का बसत नाही. हीच गोष्ट हाताने करायची तर एकाच पायाने ब्रेक आणि रेस दोन्ही सांभाळण्याचं कसब लागतं.

पट्टी आणखी एकदा ओढली. पहिल्याचं गुणोत्तर ३.६, फेरे १०,५००. इतक्या फेऱ्यांत इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटू शकतात. संगणक एखादा टूं आवाज करतो आणि गिअर तसाच ठेवतो. पद्मिनीचा दांडा असा नकार देऊ शकत नव्हता. चुकीचा गिअर जोर लावून टाकला, तर तो पडायचा. पट्टी ओढणं म्हणजे अर्ज करणं. मंजुरी दुसऱ्या टेबलावर.

गंमत म्हणजे फॉर्म्युला वनने हा अर्ज सक्तीचा केला. गिअर आपोआप बदलण्यावर १९९४ पासून बंदी आली, २००१ च्या मोसमात ती उठली आणि २००४ पासून पुन्हा लागली. यंत्राला सगळं जमतं, तरी बोट माणसाचंच हवं, असा तो नियम.

रस्त्यावर मात्र माझ्या मते दोन पट्ट्यांना सारखी किंमत नाही. उजवीचं काम संगणक छान करतो. गिअर केव्हा चढवायचा हे त्याला फेऱ्यांवरून कळतं. पुढचं वळण किंवा उतार त्याला दिसत नाही. काही महागड्या गाड्या आता उपग्रहाचा नकाशा पाहून गिअर ठरवतात, पण बाकीच्यांत डोळे तुमचेच. वरंधा किंवा आंबेनळी घाट उतरताना ब्रेक तापवण्यापेक्षा डावी पट्टी दोनदा ओढावी, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ‘ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर’ हा जुना सल्ला इथे एका बोटावर आला आहे.

पट्ट्या बसवायच्या कुठे, यावरही दोन तट आहेत. पोर्शे, बीएमडब्ल्यू त्या चाकालाच लावतात, त्यामुळे त्या चाकाबरोबर फिरतात. फेरारी आणि लॅम्बोर्गिनी स्टीअरिंगच्या खांबाला लावतात, म्हणजे चाक कितीही फिरलं तरी पट्टी जागची हलत नाही. शर्यतीत चाक पूर्ण फेरा घेत नाही, हात कधी सुटत नाहीत, तिथे चाकावरच्या पट्ट्या शोभतात. घाटातल्या तीव्र वळणावर चाक अर्धा फेरा फिरलं, की उजवी डावीकडे आणि डावी उजवीकडे! मी खांबावाल्यांच्या बाजूचा.

आता विजेच्या बहुतेक गाड्यांत तर बदलायला गिअरच नाहीत, पण काहींत पट्ट्या राहिल्या आहेत. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीत त्यांनी वेग कमी होताना मोटरमधून बॅटरीत परत येणाऱ्या विजेची पातळी कमी-जास्त करता येते. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन मध्ये तर आठ गिअर चक्क खोटे आहेत. पट्टी ओढली की संगणक मोटरची ताकद क्षणभर तोडतो, हलका धक्का देतो आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज काढतो. गिअर वेळेवर बदलला नाही, तर नसलेलं इंजिन फेऱ्यांच्या मर्यादेला जाऊन अडतं आणि गाडी तिथेच गुरगुरत राहते.