संगणक कसा असावा, ते एका फाइलीत

एखादा सर्व्हर दोन-तीन वर्षं चालला की त्यात नेमकं काय काय आहे, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणी घाईघाईत एखादं पॅकेज टाकलेलं असतं, कुणी कॉन्फिगरेशनमधली एखादी ओळ बदललेली असते. तसाच दुसरा सर्व्हर उभा करायची वेळ आली की फजिती होते. आज यंत्र जसं आहे तसं ते आजवर दिलेल्या सगळ्या कमांडमुळे झालेलं असतं, आणि त्यांची धड नोंद सहसा नसते.

निक्सओएस ही लिनक्स प्रणाली याची मुळातच उलटी बाजू धरते. 'आधी हे कर, मग ते कर' असं सांगायचंच नाही. यंत्र कसं असावं ते फाइलीत लिहायचं: कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा कोणता, वापरकर्ते कोण, फायरवॉलमधली कोणती पोर्ट उघडी, एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) चालू की बंद. मग रीबिल्डची एक कमांड दिली की त्या वर्णनाबरहुकूम प्रणाली तयार होते. एखाद्या सेवेची ओळ खोडून पुन्हा रीबिल्ड केलं की ती सेवा गेली. वेगळं अनइन्स्टॉल करायला नको.

खरी करामत साठवणुकीत आहे. एरवी नवी आवृत्ती जुनीच्या डोक्यावर बसते. इथे 'स्टोअर' नावाच्या एका जागेत प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र फोल्डर मिळतं आणि त्याच्या नावाची सुरुवात 32 अक्षरी हॅशने, म्हणजे माहितीवरून गणिताने काढलेल्या ठशाने होते. सोर्स कोड, कंपायलर, लागणाऱ्या लायब्ररी, बिल्डचे पर्याय या सगळ्यांवरून तो हॅश निघतो. यातलं काहीही बदललं की हॅश वेगळा, म्हणून फोल्डरही वेगळं. जुन्याला हातच लागत नाही. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या त्यामुळे शेजारी-शेजारी सुखाने नांदतात. नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला आणि स्क्रीन काळी पडली, तर रीस्टार्ट करून बूट मेन्यूतून आधीची 'जनरेशन', म्हणजे आधीच्या रीबिल्डची जपलेली प्रणाली निवडायची. एवढ्या एका सोयीसाठीही मी बाकीचा त्रास सोसायला तयार आहे.

निक्सओएस ज्यावर उभी आहे त्या निक्स या पॅकेज मॅनेजरची सुरुवात 2003 मध्ये एल्को डोल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात केली. 2006 मध्ये त्यांचा पीएचडीचा प्रबंध याच विषयावर झाला. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या गिक्सने पुढे हीच कल्पना स्कीम या प्रोग्रॅमिंग भाषेत आणली.

आणि त्रास आहेच. जुन्या जनरेशन साफ केल्या नाहीत तर डिस्क भरत जाते. इंटरनेटवरून उतरवलेला तयार प्रोग्रॅम बहुतेकदा चालतच नाही, कारण त्याला हवा असलेला लोडर (प्रोग्रॅम सुरू करून देणारा भाग) आणि लायब्ररी नेहमीच्या जागी नसतात. पासवर्ड सरळ कॉन्फिगरेशनमध्ये लिहिला तर तो स्टोअरमध्ये जातो, आणि स्टोअर यंत्रावरच्या कुणालाही वाचता येतं. शिवाय मागे जाता येतं ते फक्त प्रणालीला. डेटा मागे जात नाही. डेटाबेसच्या नव्या आवृत्तीने आपल्या फाइलींची रचना बदलली असेल, तर रोलबॅक केल्यावर जुना प्रोग्रॅम परत येतो, पण त्याला त्या फाइली वाचता येत नाहीत. तिथे बॅकअपच कामी येतो.