अंगावरचं दूध वाढतं कशानं?

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "हिला दूध पुरत नाही, वरचं सुरू करा." पावडरीचा डबा येतो, बाळ बाटली घटाघट संपवतं आणि गाढ झोपतं. आईला दूध कमी आहे याचा पुरावाच मिळाला असं सगळ्यांना वाटतं. पण त्या झोपेच्या तीन-चार तासांत अंगावरचं दूध कुणी ओढलेलं नसतं. खरी घट बऱ्याचदा तिथून सुरू होते.

वार पडली की गरोदरपणात दूध रोखून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) आईच्या रक्तात झपाट्यानं उतरतं, दूध बनवायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिनला मोकळीक मिळते आणि दोन ते चार दिवसांत चिकाच्या जागी भरपूर दूध येऊ लागतं. ही सुरुवात संप्रेरकांच्या जोरावर होते, बाळ प्यायलं नाही तरी. पुढं किती दूध बनायचं हे मात्र मुख्यतः स्तनातच ठरतं. ते कसं, हे शेळ्यांनी दाखवून दिलं.

स्कॉटलंडमधल्या हॅना संशोधन संस्थेत 1980च्या दशकात शेळ्यांच्या कासेच्या एका बाजूची धार दिवसातून दोनदा काढली, दुसऱ्या बाजूची तीनदा. कास एकच, रक्त एकच, त्यातली संप्रेरकंही तीच. तरी दूध वाढलं ते तीनदा पिळलेल्या बाजूचंच. मग संशोधकांनी आणखी एक गंमत केली. जादा धार काढल्यावर जेवढं दूध निघालं तेवढंच साखरेचं निरुपद्रवी द्रावण त्या बाजूत परत भरलं. कास पुन्हा तट्ट फुगली, तरीही दूध वाढलंच. म्हणजे निर्मितीला लगाम घालणारं असं काहीतरी साठलेल्या दुधातच होतं. नुसता ताण कारणीभूत नव्हता. तो पदार्थ नेमका कोणता यावर अजून वाद आहे. पण स्तन जेवढा रिकामा होईल तेवढं दूध पुन्हा वेगानं बनतं, हे बायकांमध्येही दिसतं. दोन्ही बाजूंचं दूध कमीजास्त असणंही त्यामुळंच नवलाचं नाही.

मग आधी बघायचं, दूध खरंच कमी आहे का? पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर येतं आणि त्यानंतर रोज सरासरी 20 ते 30 ग्रॅम वाढतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा लंगोट चांगला ओला व्हायला हवा. हे जमत असेल तर दूध पुरतंय. काही आठवड्यांनी स्तन मऊ लागणं, संध्याकाळी बाळानं सतत अंगावर मागणं, पंपात जेमतेम दोन चमचे येणं, यातलं काहीच दूध कमी असल्याची खूण नव्हे. पंपाला बाळासारखं ओढता येत नाही.

वजन वाढत नसेल तर लाडूंच्या आधी बाळाच्या तोंडाकडे बघावं. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनात रुतलेली आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूनं जास्त तोंडात गेलेला हवा. नुसतं बोंड धरलं तर आईला दुखतं आणि बाळाला दूध मिळत नाही. गिळण्याचा आवाज थांबला की स्तन हातानं हलकेच दाबावा, मग बाजू बदलावी. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं. रात्रीचं पाजणं सोडू नये, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. पाजून झाल्यावर उरलेलं हातानं काढून वाटी-चमच्यानं बाळाला द्यावं. वरचं दूध आधीच सुरू असेल तर ते एकदम तोडायचं नाही. वजनावर नजर ठेवून, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायचं.

आता लाडू. अळीव, डिंक, मेथी जरूर खावं. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी जादा लागतात आणि तुपातल्या लाडवातून त्या मिळतात. पण लाडू खाल्ला आणि दूध काढलंच गेलं नाही, तर लाडू एकटा काही करत नाही. शतावरीवरचे अभ्यास छोटे आहेत, निष्कर्ष पक्के नाहीत. पाणी तहानेपुरतं प्यावं. ढोसून दूध वाढत नाही. दूध वाढवायला काहीजणी घेतात ती डॉम्पेरिडोनची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नये, तिनं हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टोमण्यांबद्दलही एक. पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन दुखण्यानं आणि धसक्यानं अडतं. 'हिला दूधच नाही' हे दिवसातून दहादा ऐकवणाऱ्या माणसाला खोलीबाहेर बसवणं हाही उपचारच आहे.

काहींना मात्र सगळं करूनही दूध खरोखर कमी येतं. थायरॉइडचा बिघाड, पीसीओएस (पाळी आणि संप्रेरकं बिघडवणारा बीजकोशांचा विकार), बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया, दूधग्रंथींची अपुरी वाढ ही त्यामागची कारणं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध घटतं. अशा आईला दोष देण्यात अर्थ नाही. जेवढं येतं तेवढं पाजावं, बाकीचं वरचं द्यावं. अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी इतर आयांनी दान केलेलं दूध देणाऱ्या दूधपेढ्या आहेत. आशियातली पहिली 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

बाळ सुस्त पडलं, ओढायलाही उठेना, लघवी कमी किंवा गडद झाली, तर मात्र उपाय करून बघत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.