प्रिंटरचा पत्ता स्टिकरवर का नसतो?

परवा आत्याने मला तिच्या प्रिंटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठवला. नव्या लॅपटॉपवर प्रिंटर जोडायचा होता, लॅपटॉप आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता, मागत होता आणि स्टिकरवर दोन-दोनच्या सहा जोड्यांची एक ओळ छापलेली होती. काही आकडे, काही ए ते एफमधली अक्षरं. "हाच ना रे तो?" असं तिने विचारलं. तो नव्हता. पण हा गैरसमज इतका सर्रास आढळतो, आणि त्यामागची यंत्रणा इतकी देखणी आहे, की तिला फोनवर दिलेलं उत्तर मला पुरेसं वाटलं नाही.

स्टिकरवर असतो तो मॅक अ‍ॅड्रेस. हा ४८ बिटांचा, म्हणजे ४८ शून्य-एकांचा, क्रमांक प्रिंटरला कारखान्यातच मिळतो. साधारणपणे त्याचे पहिले २४ बिट कंपनीची ओळख सांगतात, ते आयईईई ही संस्था नेमून देते. उरलेले २४ कंपनी स्वतः ठरवते. आयपी अ‍ॅड्रेस मात्र प्रिंटर घरच्या वाय-फायला जोडला जाईपर्यंत ठरलेलाच नसतो. जोडल्यावर प्रिंटर नेटवर्कवर हाक देतो, "मला कुणी पत्ता देतं का?" राउटर एक पत्ता देऊ करतो, प्रिंटर तोच मागून घेतो आणि राउटर त्यावर शिक्कामोर्तब करतो. या देवाणघेवाणीला डीएचसीपी म्हणतात. पत्ता मिळतो तो मुदतीवर. मुदत निम्मी सरली की प्रिंटर ती वाढवून मागतो. प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला तर तोच पत्ता उद्या टीव्हीला मिळू शकतो. लॅपटॉप बिचारा जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो आणि पडद्यावर 'ऑफलाइन' दिसतं.

म्हणूनच बंद करून चालू केलं की प्रिंटर पुष्कळदा ताळ्यावर येतो. तीनदा बंद करा, मोजून इतके सेकंद थांबा, असे तोडगे लोक एकमेकांना सांगतात, पण संख्येत काही जादू नाही. प्रिंटर नव्याने पत्ता मागतो, एवढंच त्यात घडतं. 'एका क्लिकवर प्रिंटर दुरुस्त' म्हणणारी सॉफ्टवेअरं तर मुळीच उतरवून घेऊ नका.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो. समजा प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.२३ आहे आणि लॅपटॉपला तो माहीत आहे. तरीही लॅपटॉप त्याला काही पाठवू शकत नाही! घरातल्या वाय-फायवरून किंवा केबलमधून माहितीचं जे पाकीट जातं, त्यावर मॅक अ‍ॅड्रेसच लिहावा लागतो. आयपी असतो पाकिटाच्या आत. मग आयपीवरून मॅक शोधायचा कसा? नोव्हेंबर १९८२मध्ये डेव्हिड प्लमर यांनी आरएफसी ८२६ या, इंटरनेटच्या रीती नोंदवणाऱ्या मालिकेतल्या, छोट्याशा दस्तऐवजात याचं उत्तर मांडलं. त्याचं नाव एआरपी.

लॅपटॉप आधी पाहतो की समोरचा आपल्याच नेटवर्कमधला आहे का. त्यासाठी तो दोन्ही पत्त्यांचा सबनेट मास्कशी, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणाऱ्या आकड्याशी (बहुधा २५५.२५५.२५५.०), बिटागणिक 'अँड' करतो. दोन्ही बिट १ असतील तरच उत्तर १, नाहीतर ०. दोघांचे पहिले २४ बिट, म्हणजे पत्त्यातले पहिले तीन आकडे, जुळले तर दोघं एकाच नेटवर्कमधले. मग लॅपटॉप पाकिटावर ज्याचे अठ्ठेचाळीसही बिट १ आहेत असा पत्ता घालतो. याचा अर्थ 'सर्वांसाठी'. आत प्रश्न असतो, "१९२.१६८.१.२३ कोण? १९२.१६८.१.५ ला कळवा." घरातलं प्रत्येक यंत्र हा प्रश्न ऐकतं, पण उत्तर एकटा प्रिंटर देतो, "मी, आणि हा माझा मॅक." अवघ्या २८ बाइट्सचा निरोप! प्रश्नात विचारणाऱ्याचे आयपी आणि मॅक असे दोन्ही पत्तेही असतात, त्यामुळे प्रिंटर ते तिथल्या तिथे आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो आणि उलट चौकशीची गरज उरत नाही. प्लमर यांच्या रीतीत तर आणखी एक बारकावा आहे. विचारणारा आधीच तक्त्यात असेल, तर आलेला निरोप प्रश्न आहे की उत्तर हे पाहण्याआधीच त्याची नोंद ताजी केली जाते. उणीव एकच, जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवला जातो. खोटं उत्तर देणाऱ्याला ओळखायची सोय एआरपीत नाही.

लॅपटॉपही असा आयपी-मॅकच्या जोड्यांचा तक्ता थोडा वेळ जपून ठेवतो, आणि तो आपल्याला उलटा वाचता येतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एआरपी -ए' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की आयपी आणि मॅक यांच्या जोड्या समोर येतात. आत्याने पाठवलेला स्टिकर इथे कामी आला. त्यावरचा मॅक ज्या ओळीत, त्याच ओळीत प्रिंटरचा आयपी. तक्त्यात अलीकडे बोललेलीच यंत्रं असतात, म्हणून ओळ सापडली नाही तर नेटवर्क स्कॅन करणारं एखादं विश्वासू अ‍ॅप चालवावं. ते अशा घरगुती नेटवर्कमधल्या २५४ पत्त्यांना एकेक करून हाक मारतं. काही प्रिंटरना केबलचा एक आणि वाय-फायचा दुसरा असे दोन मॅक असतात, तेवढं ध्यानात ठेवा.

घाई असेल तर प्रिंटरच्या पडद्यावर नेटवर्क सेटिंग पाहा, पडदा नसेल तर नेटवर्कच्या माहितीचं पान छापून घ्या. राउटरच्या पानावरही जोडलेल्या यंत्रांची यादी मिळते. 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या वेबसाइटचा इथे उपयोग नाही, तिथे घराबाहेरून दिसणारा पत्ता कळतो. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते १९९६च्या आरएफसी १९१८नुसार खासगी आहेत आणि लाखो घरांत तेच ते वापरले जातात. तेव्हा तो कुणाला कळला म्हणून घाबरू नका.

पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर तो लिहून घेण्यात अर्थ नाही. राउटरकडून काहीच न मिळाल्यामुळे प्रिंटरने तो स्वतःच घेतलेला असतो, तेव्हा आधी वाय-फायची जोडणी पाहा. आत्याचा प्रिंटर १९२.१६८.१.२३वर सापडला. राउटरमध्ये पत्ता राखून ठेवायची सोय होती, तिथे आम्ही स्टिकरवरचा मॅक भरला आणि २३ हा आकडा त्याच्या नावावर केला.