कर्नल समजायला सगळा सोर्स कोड वाचावा लागतो का?

एक मेसेज कायम फिरत असतो, की लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, कोड ३ कोटी ओळींच्या वर आहे, तो पहिल्यापासून सगळा वाचल्याशिवाय कर्नल कळत नाही, नवख्याने नादाला लागू नये. आकडा खरा आहे म्हणून बाकीचंही पटतं, त्यात नवल नाही.

पण त्या ओळी आहेत कुठे ते बघा. सोर्स उतरवून घ्या आणि प्रत्येक फोल्डरच्या ओळी मोजा, निम्म्याहून जास्त एकट्या ड्रायव्हर्समध्ये, म्हणजे वेगवेगळी उपकरणं चालवणाऱ्या कोडमध्ये, निघतील, आणि त्यातल्या बहुतेक तुमच्या मशीनवर कंपाइलसुद्धा होत नाहीत. आर्च फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसरचा वेगळा कोड, तुम्हाला लागतो एकच.

मग वाचायचं कसं, तर एक सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेली एक मागणी, धरायचा. समजा रीड. फाइल वाचणारा साधा प्रोग्राम एसट्रेसखाली, म्हणजे असे कॉल दाखवणाऱ्या साधनाखाली, चालवा, रीड कॉल समोर दिसतो. आता कोडमध्ये सिस-रीड शोधलं तर मूळ फंक्शन त्या नावाने सापडतच नाही, कारण ते सिस्कॉल-डिफाइन मॅक्रोतून, म्हणजे कंपाइल होताना खरा कोड उलगडणाऱ्या साच्यातून, तयार होतं, इथेच बरेच जण वैतागून सोडून देतात आणि मला फार वाईट वाटतं त्याचं. मॅक्रोचं नाव रीडसकट शोधा, एफएस फोल्डरमधली रीड-राइट फाइल उघडेल, तिथून व्हीएफएस-रीड (व्हीएफएस म्हणजे सगळ्या फाइल सिस्टमचा सामाईक थर), आणि पुढे फंक्शन पॉइंटर, म्हणजे कुठलं फंक्शन चालवायचं त्याचा पत्ता, त्यामुळे फाइल सिस्टमनुसार वाट बदलते. नेमकी कुठली वाट घेतली ते एफट्रेस, म्हणजे कर्नलमधली फंक्शन्स टिपणारं साधन, चालत्या मशीनवरच दाखवतो.