नेताजी तीन महिने पाण्याखाली नव्हते: यू-180 आणि बॅटरीचं गणित

23 जानेवारी जवळ आली की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: नेताजी जर्मनीहून निघाले ते तीन महिने पाणबुडीत, पाण्याखाली, वर आलेच नाहीत. एकात तर योगसाधनेमुळे त्यांना हवा कमी लागायची असंही लिहिलं होतं. नेताजींच्या धाडसाला असल्या चमत्काराची काही गरज नाही हो. ती पाणबुडी बहुतेक प्रवास पाण्यावरूनच करत होती, शत्रूच्या विमानांना दिसेल अशी, आणि ते जास्त धोक्याचं होतं.

पाणबुडीचं नाव यू-180, कप्तान वेर्नर मुझेनबेर्ग. 9 फेब्रुवारी 1943 ला नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन जर्मनीतल्या कील बंदरातून तिच्यात बसून निघाले.

आता हे तिन्ही महिने पाण्याखाली का शक्य नव्हतं ते बघू. डिझेल इंजिनाला हवा लागते, ट्रकला लागते तशीच. पाण्याखाली इंजिन चालू केलं तर ते आतल्या माणसांची हवा ओढून घेणार, म्हणून बुडी मारली की डिझेल बंद आणि इलेक्ट्रिक मोटर सुरू. मोटरला वीज बॅटरीतून, आणि बॅटरी कुठली तर आपल्या घरच्या इन्व्हर्टरची असते तीच जात, शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड. इन्व्हर्टरच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे 6 सेल असतात, इथे माणसांच्या पायाखाली 62-62 च्या दोन संचांत 124 सेल होते आणि एकेक सेल अवाढव्य.

तरी ते किती पुरायचे? 4 नॉट, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरने, साधारण 115 सागरी मैल. एक दिवस आणि वर चार-पाच तास, बस. पाण्यावर डिझेलवर हीच पाणबुडी 10 नॉटने 12,000 सागरी मैलांहून जास्त जायची.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं गणित. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने, म्हणजे वेग दुप्पट केला की शक्ती आठपट. यू-180 चा पाण्याखालचा कमाल वेग जेमतेम 7 नॉट. 4 चे 7 केले की शक्ती पाचपटीहून जास्त लागते, मग 29 तासांची बॅटरी पाच-साडेपाच तासांवर येते. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण जोरात करंट ओढला की प्लेटच्या आतल्या भागापर्यंत ताजं ॲसिड पोचायला वेळच मिळत नाही आणि बरीच शक्ती न वापरता आतच राहते. (टॉर्च मंद झाली की थोडा वेळ बंद ठेवून परत लावली की जरा उजळते, त्यात हाही एक भाग असतो.) म्हणजे मागे विनाशिका लागली तर पळणं हा सगळ्यात वाईट उपाय, हळूहळू सरकत राहायचं.

बॅटरी संपली की वर यायचं, डिझेलने तीच मोटर फिरवून तिचा जनरेटर करायचा आणि तासन् तास चार्जिंग. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो, हवेत तो 4 टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, त्यामुळे वायुवीजन लागतंच. आणि समुद्राचं पाणी ॲसिडमध्ये शिरलं तर क्लोरीन, तो तर विषारी. पाण्याखालूनच नळीने हवा ओढणारं स्नॉर्केल जर्मन पाणबुड्यांवर सर्रास आलं ते 1944 मध्ये, नेताजींच्या वेळी ते नव्हतं. रात्रीचा अंधारही पुरत नव्हता, कारण ब्रिटिश-अमेरिकन विमानांवर नवं रडार आलं होतं. मे 1943 या एकाच महिन्यात जर्मनीच्या 41 पाणबुड्या गेल्या.

त्यात यू-180 ची इंजिनं वेगळी. वेग मिळावा म्हणून टॉर्पेडो बोटींची सहा मर्सिडीज-बेंझ इंजिनं बसवली होती, पाण्यावर जवळपास 21 नॉट मिळायचे पण ती तापायची आणि धूर भयंकर सोडायची. लपायचं काम असलेल्या बोटीला धूर म्हणजे फारच वाईट.

नेताजी आत असतानाच, 18 एप्रिलला, तिने कॉर्बिस हा ब्रिटिश टँकर बुडवला. महिनाअखेरीस मादागास्करजवळ जपानी पाणबुडी आय-29 भेटली, समुद्र खवळलेला, तरी नेताजी आणि हसन रबरी होडीतून पलीकडे गेले. जपान्यांकडून यू-180 वर सुमारे 2 टन सोनं आणि दोन नौदल अधिकारी आले, त्यातले तोमोनागा हे स्वतः पाणबुडी-तंत्रज्ञ. नेताजी 6 मेला सुमात्राजवळच्या सबांगला उतरले.

आज मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यासुद्धा डिझेल आणि बॅटरीवरच चालतात, स्नॉर्केल लावून हवा घेतात. ती गरज कमी व्हावी म्हणून अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेने फ्युएल सेल तयार केलाय, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

यू-180 जुलै 1943 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला पोचली. ती सहा इंजिनं काढून साधी बसवली, टॉर्पेडोच्या नळ्याही काढल्या आणि तिची मालवाहू पाणबुडी केली. ऑगस्ट 1944 मध्ये ती पुन्हा पूर्वेकडे निघाली आणि बिस्केच्या उपसागरात 56 जणांसकट नाहीशी झाली.