डायबेटिक फुटच्या ट्रायलसाठी नाव देताना: पात्रता, कागदपत्रं आणि नाव कुठे कापलं जातं

शुगरमुळे पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. मग घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधतं आणि नवीन औषधाची ट्रायल, म्हणजे पेशंटवरची चाचणी, चालू असल्याचं कळतं. पेशंटला घेऊन लोक दोन एसट्या बदलून मोठ्या रुग्णालयात येतात आणि बरेच जण पहिल्याच दिवशी नकार घेऊन परत जातात. अशा पेशंटसोबत ओपीडीत मी बरीच वर्षं बसते आहे. नाव कापलं जाण्याची कारणं तीच तीच असतात.

आधी घरीच पाहायची गोष्ट. भारतातली औषधाची ट्रायल 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' म्हणजे सीटीआरआयवर नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून ती नोंद पहिला पेशंट घेण्याआधीच व्हावी लागते. तिथे कुणालाही फुकट शोधता येतं. पान इंग्रजीत असतं, तेव्हा कॉलेजातल्या नातवाला शेजारी बसवा. 'डेट ऑफ फर्स्ट एनरोलमेंट' ही तारीख पाहून लोक मुदत संपली असं समजतात. ती शेवटची तारीख नसते, पहिला पेशंट घेतला त्या दिवसाची असते. खरं पाहायचं ते 'रिक्रूटमेंट स्टेटस', म्हणजे पेशंट घेणं चालू आहे की बंद. तिथेही दोन ओळी असतात, एक भारताची आणि एक जगाची. भारताच्या ओळीत 'ओपन टू रिक्रूटमेंट' असेल तरच निघा. खाली केंद्रांची, म्हणजे ट्रायल चालणाऱ्या रुग्णालयांची, यादी असते. आपल्या केंद्राच्या एथिक्स कमिटीपुढे (पेशंटचं हित जपणारी, ट्रायलला परवानगी देणारी समिती) 'अप्रूव्ह्ड' लिहिलंय का ते बघा आणि निघण्याआधी फोन करा.

पात्रतेचे आकडे ट्रायलगणिक बदलतात. साधारणपणे वय १८ च्या वर लागतं, जखम किमान चार ते सहा आठवडे जुनी लागते, तिचं माप ठरलेल्या चौरस सेंटीमीटरच्या आत असावं लागतं, एचबीए१सी ठरावीक मर्यादेखाली लागतं, हाडापर्यंत जंतुसंसर्ग चालत नाही आणि पायाचा रक्तपुरवठा पुरेसा असावा लागतो. एचबीए१सी हा साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब आहे. येण्याआधी चार दिवस गोड बंद करून तो हलत नाही. रक्तपुरवठा पाहायला घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजतात. तिथे नाव कापलं गेलं तर रडत बसू नका. तो कागद घेऊन लगेच रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा, कारण मलमापेक्षा त्या पायाला रक्ताची गरज जास्त आहे.

आधार, पासबुक, चालू गोळ्यांची चिठ्ठी हे सगळ्यांकडे असतं. नसतो तो जखम कधीपासून आहे याचा तारखेचा पुरावा. एक मावशी कापडी पिशवी घेऊन आल्या होत्या. आत विजेची बिलं, रेशनकार्ड, नवऱ्याचं दहा वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड, सगळं नीट घडी घालून ठेवलेलं. अंगठ्याखालच्या जखमेचा मात्र एकही कागद नाही. तीन महिने मावशी घरीच हळद आणि तूप लावत होत्या. म्हणून हात जोडून सांगते, जखम दिसली की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर काढा. त्यावर डॉक्टरांकडून कुठल्या पायाला, कुठे आणि केवढी जखम आहे ते लिहून घ्या. दर आठवड्याला मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. फोटो सगळीकडे पुरावा म्हणून चालेलच असं नाही, पण डॉक्टरांना अंदाज येतो.

सगळ्यात जास्त गैरसमज रन-इनचा. निवड होण्याआधी एक-दोन आठवडे फक्त नेहमीचे उपचार देतात: मेलेली कातडी काढणं, ड्रेसिंग, पायावरचा भार काढायला खास चप्पल किंवा प्लास्टर. तेवढ्यात जखम बरीच आटली तर नाव कापतात, कारण ती नवीन औषधाविना भरते आहे. नकार मिळाला म्हणून लोक हिरमुसतात, पण ती चांगली बातमी असते. आणि काही जण, हे बघून माझा जीव तुटतो, जखम पात्र राहावी म्हणून मुद्दाम प्लास्टर काढून चालतात. असं कधीही करू नका. ट्रायल पुन्हा निघेल, पाय पुन्हा येणार नाही.

'मला नवीन औषध मिळालंच नाही तर?' हा प्रश्न रास्त आहे. कोण कुठल्या गटात, नवीन औषधाच्या की त्याविना, जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरांच्याही हातात नसतं. पुण्याच्या नोव्हालीड कंपनीच्या, जखमेवर लावायच्या एस्मोलॉल जेलची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल आपल्याकडेच झाली. नेहमीच्या उपचारांसोबत जेल मिळालेल्या गटात १२ आठवड्यांत ६८ पैकी ४१ जणांची जखम पूर्ण बंद झाली, फक्त नेहमीच्या उपचारांवर ७२ पैकी ३० जणांची. म्हणजे जेलने फरक पडला, पण नुसत्या नियमित ड्रेसिंगने आणि पाय जपण्यानेही बऱ्याच जखमा भरल्या.

संमतीपत्र घाईत सही करायचा कागद नाही. घरी न्या, दोन दिवस वाचा, आपल्या भाषेतलं मागा. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. त्यात वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव-पत्ता विचारतात, तेव्हा माणसं दचकतात. काही बरंवाईट झालं तर भरपाई कुणाला द्यायची यासाठी ते असतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. औषधाचे पैसे कुणी मागितले तर सही न करता उठा. मधेच सोडलं तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

नंतरचं काम सोपं, पण खेपा खूप. बहुधा दर आठवड्याला यावं लागतं, तेव्हा सुगी, लग्नं, आषाढीची वारी कधी येते ते आधीच ट्रायलच्या खेपा ठरवणाऱ्या कोऑर्डिनेटरला सांगा. जखम बंद झाली की लोक यायचे थांबतात. पण बहुतेक ट्रायलमध्ये ती दोन आठवड्यांनी पुन्हा तपासून, स्राव नाही आणि ड्रेसिंगही लागत नाही असं दिसलं, तरच 'बरी झाली' अशी नोंद होते. ती खेप चुकवू नका.

सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्या. त्यावर डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा नंबर असतो. तो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करा, रात्री ताप आला किंवा पाय लाल झाला तर पहिला फोन डॉक्टरांना.