मासा नवा, नोंदी जुन्या

‘नवा मासा सापडला’ या बातमीतला ‘सापडला’ हा शब्द जरा फसवा आहे. मासा जाळ्यात येतो एका दिवसात. तो नवा आहे हे ठरायला वर्षं जातात, आणि त्यातली बरीचशी जुन्या नोंदी आणि बरण्या धुंडाळण्यात.

माशांच्या मोजमापाला शिस्त लावली ती स्वीडनच्या पीटर आर्टेडीने. पाठीवरच्या पराला (पंखाला) काटे किती, मणके किती, हे तो मोजून लिहायचा. १७३५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये रात्री कालव्यात पडून तो बुडाला, अवघ्या तिशीत. त्याची हस्तलिखितं मित्र कार्ल लिनियसने मिळवली आणि १७३८ मध्ये छापली. प्राण्यांची शास्त्रीय नावं मात्र धरली जातात ती लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून. एकाच माशाला दोघांनी नाव दिलं असेल, तर आधीचं टिकतं. सगळी मेख इथेच आहे.

लिनियसचे मासे आजही लंडनच्या लिनियन सोसायटीत आहेत. त्यांत वनस्पतींसारखी वाळवून कागदावर डकवलेली अर्धी कातडी आहेत. रंग कधीच उडालेला. दारूत ठेवलेल्या माशाचंही तेच होतं. म्हणून आता मासा ताजा असतानाच फोटो काढतात, डीएनएसाठी मांसाचा तुकडा वेगळा ठेवतात. नाव कायमचं बांधलेलं असतं ते एका नमुन्याला, होलोटाइपला. पुढे कुणाला शंका आली, तर तोच काढून बघायचा.

२००३ नंतर डीएनए बारकोडिंगचा बोलबाला झाला. एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून वेगळेपण कळू लागलं. पण वेगळेपण कळणं म्हणजे नाव देणं नव्हे. समुद्रातल्या सूर्यमाशाचंच (सनफिश) पाहा. कातडीच्या नमुन्यांत एक अनोळखी प्रजाती दिसत होती, पण अख्खा मासा कुणी ओळखून दाखवला नव्हता. २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर लागलेल्या माशांमुळे संशोधक मारियान नीगार्ड यांना तो प्रत्यक्ष बघायला मिळाला. तरी नाव लगेच दिलं नाही. गेल्या अडीचशे वर्षांत सूर्यमाशांना दिलेली कितीतरी नावं पडून होती; त्यांतलं एखादं याच माशाचं तर नाही ना, हे आधी तपासावं लागलं. तसं एकही निघालं नाही, तेव्हा २०१७ मध्ये तो ‘मोला टेक्टा’ झाला. टेक्टा म्हणजे दडलेला. एवढा अवाढव्य मासा!